अकरा मिनिटांची आघाडी

१४ मे १९९६, मंगळवार

ही वही फिजिओच्या सांगण्यावरून सुरू करतेय. रोज लिहायचं: दुखणं दहापैकी किती, कुठे, काय करताना. तिचं नाव इमोजेन. माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण अंगठे लोहाराचे आहेत.

तर आजचं. सपाटीवर शून्य. शेडमध्ये दिवसभर उभं राहून सफरचंदं निवडली तेव्हा दोन. संध्याकाळी चर्चमागच्या चढावर पळाले, पाचव्या मिनिटाला सात. कमरेच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, कुणी पाना लावून आवळावं तसं. उतरताना पुन्हा शून्य. चढ संपला की दुखणं संपतं.

"कधीपासून दुखतंय?" तिनं विचारलं.

"गेल्या वर्षी अकरा नोव्हेंबरपासून."

"इतकं नेमकं कुणी सांगत नाही हो," ती हसली.

मी सांगते. सॅडलर टेकडीची शर्यत होती. आमच्या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. जो सावकाश पळतो तो आधी सुटतो, वेगवान मागून. कुणाला किती मिनिटांची आघाडी द्यायची ते म्हातारा अ‍ॅथॉल स्केग्स ठरवतो. वर्षभर तो सगळ्यांचं पळणं बघतो, वहीत लिहितो, आणि त्याचा हिशेब बरोबर आला तर माथ्यावर सगळे एकाच वेळी पोचतात. मी मर्ल डिरीनच्या एक मिनिट आधी सुटले होते. तिसऱ्या वळणावर, जिथे डांबर संपून खडी लागते, तिथे तिनं मला गाठलं आणि तिथेच माझी कंबर धरली. पाय उचलेना. मी कडेच्या खडकाला टेकले आणि हात वर केला. मर्लनं मान वळवून बघितलं. आणि गेली.

ती जिंकली. माथ्यावरची घंटा मी खडकाला टेकून ऐकली.

एकोणीस वर्षं आम्ही दोघी बरोबर पळतोय. माझा नवरा गेला तेव्हा ती आठ दिवस माझ्या घरी राहिली होती. परकीनं असं केलं असतं तर मी विसरलेही असते.

आता "झालं गेलं सोड" असं सगळे म्हणतात. सोडणार नाही. ह्या नोव्हेंबरला मी तिच्या आधी माथ्यावर असेन, आणि ती धापा टाकत येईल तेव्हा तिच्याकडे बघेन. बस, एवढंच पाहिजे मला.

२३ मे

इमोजेननं मला दवाखान्यामागच्या उतारावर पळायला लावलं, खालून वर, सहा वेळा. ती बाजूनं चालत बघत होती.

"ग्लेनिस, तुम्ही पायांनी चढत नाही. कमरेनं ओढता."

"म्हणजे काय गं?"

"कमरेतून वाकता. बोचा मागे, छाती खाली. मोठमोठ्या ढांगा टाकता. मांड्या आणि नितंब झोपलेत, सगळं काम बिचारी कंबर करते. डोळे कुठे असतात तुमचे?"

"पुढचीच्या टाचांवर."

"कुठली पुढची?"

एकोणीस वर्षांतला प्रत्येक चढ मी मर्लच्या टाचा बघत चढलेय. म्हणजे कंबरही तिनंच मोडली म्हणायची!

व्यायाम दिलेत. पाठीवर झोपून गुडघे मुडपायचे नि बोचा उचलायचा, वीस वेळा. एका गुडघ्यावर बसून मांडीचा पुढचा भाग ताणायचा. चढावर पावलं आखूड टाकायची, नजर दहा पावलं पुढे, आणि वाकायचंच तर घोट्यातून, अंग सरळ ठेवून. दमलं तर निमूट चालायचं. चालण्यात कमीपणा नाही, म्हणते. तिचं वय सव्वीस, तिला काय कळणार कमीपणा.

दुखणं: ६.

२ जून, रविवार

आमच्या पळणाऱ्यांच्या मंडळाची सकाळची फेरी. शेवटच्या चढावर कंबर धरली, मी हातानं पाठ दाबत, वाकून, लंगडत वर आले. अ‍ॅथॉल त्याच्या ट्रकमध्ये बसून बघत होता. मर्ल खिडकीपाशी उभी होती. मी पाठमोरी असल्याचं पाहून म्हातारा आपल्या मते हळू बोलला. तो अर्धा बहिरा आहे, त्यामुळे हळू म्हणजे अख्ख्या मैदानाला ऐकू जातं.

"ग्लेनिसचं काही खरं नाही गं. यंदा भरपूर आघाडी द्यावी लागणार. नाहीतर पोचायचीच नाही बिचारी."

बिचारी!

घरी येईपर्यंत मला नुसता राग येत होता. मग आंघोळ करताना डोक्यात लख्ख उजेड पडला. भरपूर आघाडी. द्या की. जेवढी द्याल तेवढी घेते.

ठरलं. गावासमोर कंबर अशीच राहील. रविवारी वाकून पळायचं, दुकानात काउंटरला धरून उभं राहायचं. आणि पहाटे धरणामागच्या जंगलवाटेवर, जिथे वॉलबी कांगारूंशिवाय कुणी बघणारं नाही, तिथे खरी ग्लेनिस पळेल.

नियम आहे एक. अ‍ॅथॉलच्या अंदाजापेक्षा तीन मिनिटांहून जास्त लवकर पोचलं तर त्यानं जाब विचारायचा, आणि धड उत्तर नसेल तर मंडळातून नाव कायमचं काढायचं. त्याचीही सोय आहे. शेवटी रेंगाळायचं. घड्याळ माझ्याही हातात आहे.

२० जून, गुरुवार

दार वाजलं. मर्ल. ट्रकभर लाकडं घेऊन.

"कंबर तशी असताना हिवाळ्याचं सरपण कोण रचणार तुझं? सरक." आणि छपराखाली रचायला लागली. मोठे ओंडके खाली, फोडलेली वर. मी खुर्चीत बसून, पाठीमागे उशी घेऊन बघत राहिले. मजा आली, खोटं कशाला बोलू.

चहा पिताना म्हणाली, "दर गुरुवारी येत जाईन."

"गेल्या नोव्हेंबरात आली असतीस तर जास्त उपयोग झाला असता," मी म्हटलं.

ती कप खाली ठेवून म्हणाली, "ग्लेन, तू हात वर केला होतास."

"मग?"

"हात वर म्हणजे मी ठीक आहे, तू पुढे जा. मदत पाहिजे असेल तर खाली बसायचं. नवीन बायकांना हा नियम तूच शिकवतेस ना! मी वळून बघितलं, तू उभी होतीस, हात वर होता. मी काय समजायचं?"

असं बोलायला सात महिने लागले तिला. सात महिने घोकून आली असणार. नियम नियमाच्या जागी. माणूस तोंड बघतं की नाही? माझ्या तोंडावर दिसत नव्हतं?

आणि बसायचं म्हणे. अख्खं मंडळ मागून येत होतं. त्यांच्यासमोर मी खाली बसू?

दुखणं: ४. तिला आठ सांगितलं.

११ जुलै, गुरुवार

ऐन हिवाळा, गवतावर सगळं पांढरं. जंगलवाटेवर पंचवीस मिनिटं सलग चढले. आखूड पावलं, नजर पुढे. एकदा कमरेत कळ आली तशी थांबले, चालले, पुन्हा पळाले. इमोजेन म्हणते तसं नितंबांना काम लावलं की कंबर आपोआप गप्प बसते. दुखणं: १.

इतकी खूश होते की परसात जाऊन कुऱ्हाड घेतली आणि मर्लनं तळाशी ठेवलेले मोठे ओंडके फोडून काढले. सात. कंबर हूं की चूं नाही.

दुपारी मर्ल आली. छपराखाली बराच वेळ उभी राहिली.

"मोठे ओंडके कुठे गेले गं?"

अरे देवा. पण मी कच्च्या गुरूची चेली नाही. "शेजारच्या डेस्मंडनं फोडून दिले."

"डेस्मंडनं?"

"हो. कालच आला होता."

तिनं सगळी लाकडं रचली आणि चहा न घेताच गेली. जाताना विचारलं, "कंबर कशी आहे?" मी म्हटलं, "आठ." थंडीनं गारठली असावी, तोंड उतरलं होतं तिचं.

१ ऑगस्ट

इमोजेन म्हणाली आता यायची गरज नाही. वही मात्र चालू ठेवणार. दुखण्यापेक्षा हे लिहायला बरं वाटतं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

रविवारच्या फेरीत मी शेवटून दुसरी आले. शेवटचा नॉर्मन, त्याचा गुडघा बदललाय. अ‍ॅथॉल वहीत लिहीत होता. मी पाठ धरून कण्हले, जरा जास्तच झालं बहुतेक, नॉर्मन धावत आला.

आज मर्ल लाकडांबरोबर गव्हाची पिशवी घेऊन आली, गरम करून कमरेला बांधायची. स्वतः शिवलीय.

"कंबर कशी आहे, ग्लेन?"

"सात. कधी आठ."

"चढावर?"

"चढावर विचारूच नकोस."

ती हल्ली प्रश्न विचारून थांबते. नुसतं बघत राहते, मी अजून काही सांगेन अशी. काय सांगायचंय? मला वाटतं मनातून घाबरलीय. घाबरू दे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज तोंडाशी आलं होतं. ती लाकडं रचताना बोटात कुसळ घुसलं, मी सुईनं काढून दिलं. तिचे हात बघितले. लाकडं वाहून तळवे सोललेत. ती म्हणाली, "कंबर कशी आहे?" आणि एक क्षण वाटलं, सांगून टाकावं. हसलो असतो दोघी. पूर्वीसारखं.

मग आठवलं ती मान वळवून कशी बघून गेली ते.

"सात," मी म्हटलं.

आता इतकं झाल्यावर सांगायचं तरी कसं? सहा आठवडे राहिलेत.

२० ऑक्टोबर, रविवार

अ‍ॅथॉलनं यादी लावली. मला मर्लच्या अकरा मिनिटं आधी सोडणार! अकरा! नॉर्मनच्याही आधी. माझा अंदाज त्यानं अठ्ठेचाळीस मिनिटं धरलाय. परवा जंगलवाटेवर तेवढाच चढ मी साडेअडतीसमध्ये चढले.

यादीपुढे सगळे चुकचुकत होते. मी मान खाली घालून उभी होते, हसू दिसू नये म्हणून. मर्ल माझ्या शेजारीच उभी होती. यादी वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अकरा फार आहेत गं. अ‍ॅथॉलला सांगायचं का तुला काही?"

बघा! जीव जळला लगेच.

"मी कशाला सांगू?" मी म्हटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मर्ल आली. उन्हाळा तोंडावर आलाय, लाकडांची गरज नाही, तरी आली. विचारलं. सांगितलं, "आठ."

परवा शर्यत.

९ नोव्हेंबर, शनिवार

जिंकले.

क्रमानं लिहिते.

सुटले तेव्हा चार लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजाऱ्याला वाजवतात तशा. पहिल्या वळणापर्यंत ठरवल्याप्रमाणे वाकून गेले. दुसऱ्या वळणाला झाडी आली, मागचं कुणी दिसेना, तशी सरळ झाले. आणि मग मला थांबताच येईना. तिसरं वळण आलं, तो खडक आला, आणि मी त्याच्यापुढून अशी गेले की खडी उडाली. कमरेत काही नाही. शून्य. वर्षभराचा राग पायात उतरला होता. रेंगाळायचं ठरवलं होतं ते आठवत होतं. घड्याळही बघितलं. पण पाय कुणाचं ऐकतात तेव्हा!

माथ्यावर अ‍ॅथॉल घड्याळ घेऊन उभा. सदतीस मिनिटं वीस सेकंद. त्यानं घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळ कानाशी लावलं. मी घंटा वाजवली. मग आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. दहा मिनिटं कुणीच येईना. वारा होता.

मर्ल चौथी आली. मी ठरवल्याप्रमाणे तिच्याकडे बघितलं. ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. तिनं मान वर केली, आणि तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

नंतर सभागृहात चहा, केक, बक्षिसं. अ‍ॅथॉल वही घेऊन उभा राहिला.

"चाळीस वर्षं मी आघाड्या देतोय. जास्तीत जास्त चार मिनिटांनी चुकलोय. आज साडेदहा मिनिटांनी चुकलो. ग्लेनिस, पोरी, काही सांगायचंय?"

सगळ्या खुर्च्या वळल्या.

आणि मर्ल उभी राहिली.

"चूक माझी आहे अ‍ॅथॉल. मे-जूनमध्ये तिला उठताही येत नव्हतं. दर गुरुवारी तिचं सरपण रचायला मी जायचे, डोळ्यांनी बघितलंय. शेवटच्या दीड महिन्यात ती झपाट्यानं बरी झाली. मला ठाऊक होतं. तुम्हाला कळवायला हवं होतं, मी कळवलं नाही. यादी लागली तेव्हाही गप्प बसले."

"तू मंडळाची सचिव आहेस मर्ल."

"म्हणून तर. सचिवपद सोडते मी."

अ‍ॅथॉलनं तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग वही मिटली. "मर्ल डिरीन सांगतेय म्हणजे तसंच असणार," म्हणाला, आणि बक्षिसाचा कप माझ्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कप घेतला. खाली बसले.

बाहेर तिच्या ट्रकपाशी मी तिला गाठलं. "तू खोटं का बोललीस?"

"तू अठरा गुरुवार बोललीस. मी एकदा."

"तुला कधी कळलं?"

"जुलैत. डेस्मंड जूनच्या सुरुवातीपासून होबार्टला आहे, लेकीकडे. त्याच्या कोंबड्यांना दाणे मीच घालते. तुझ्या शेजारी कोण आहे नि कोण नाही, एवढंही तुला माहीत नाही, ग्लेन. इतकी कामात होतीस."

"मग लाकडं कशाला आणत राहिलीस?"

"मला वाटायचं, आज सांगशील." तिनं ट्रकचं दार उघडलं. "खडकापाशी मी तुला सोडून गेले ते मला फार लागलं होतं. नियम काहीही असो, मी थांबायला हवं होतं. वर्षभर झोप नव्हती. आज तुला सोडवलं. आता झोप लागेल मला."

आणि गेली. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

दोन रात्री डोळा लागला नाही. सकाळी कप पिशवीत घालून अ‍ॅथॉलकडे गेले आणि सगळं सांगितलं. जंगलवाट, वाकणं, कण्हणं, सगळं. तो टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. बांधतच राहिला.

"कप घ्या परत. माझं नाव काढा."

"काढतो की. मग सभेत सांगावं लागेल का काढलं ते. म्हणजे मर्ल सगळ्यांसमोर उभं राहून खोटं बोलली, हेही सांगावं लागेल. ह्या खोऱ्यात ती आजवर एकदाही खोटं बोललेली नाही. सांगू?"

मी दोरीचं रीळ धरून उभी राहिले.

म्हणजे माझं एक वाक्य, आणि मर्ल डिरीन अख्ख्या गावासमोर खोटारडी. ह्याहून मोठा सूड मी वर्षभर रात्रंदिवस विचार करून शोधू शकले नसते. आयता हातात आला होता. मी त्याच्याकडे नीट बघितलं, अगदी प्रामाणिकपणे लिहितेय, काही क्षण बघितलं.

"नको," मी म्हटलं.

"मग ने तो कप घरी. आणि पुसत जा अधूनमधून, चांदीचा आहे, काळा पडतो."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ती आली नाही. येणार नव्हतीच. तीनपर्यंत वाट बघितली आणि गाडी काढून मीच गेले.

वाटेत वाक्यं जुळवत होते. अ‍ॅथॉलला सांगितलं, तुझं नाव येऊ दिलं नाही, चुकले, जुलैतच सांगायला हवं होतं. असं काहीबाही.

मी नेहमीसारखी मागच्या दारानं शिरत होते. एकोणीस वर्षं मागच्याच दारानं शिरतेय. किटली ठेवायची, खुंटीवरचा मग घ्यायचा, आपला चहा आपण ओतायचा, ती काही करत असली तर तिलाही द्यायचा. पण ती पुढच्या दारानं बाहेर आली.

"अगं, ये ना, ये. पुढून ये."

तोंडावर राग नव्हता. चांगली झोप झालेली दिसत होती. तिनं मला पुढच्या खोलीत नेलं, जिथे चर्चचे पाद्री नि विमेवाले बसतात. खुर्चीवरची उशी नीट केली. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "बस, बस. चहा आणते," आणि आत गेली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, वरचं. मी त्या खोलीत ताठ बसून होते. कंबर ठणठणीत होती.

ती ट्रे घेऊन आली. निळ्या फुलांचे कप, बशा, छोटे चमचे. ट्रे टेबलावर ठेवला, माझ्यासमोर बसली आणि साखरेचं भांडं उघडलं.

"साखर किती घेतेस?" तिनं विचारलं.

"दोन चमचे," मी म्हटलं.